भांडण सोडवणारा

दादा, काल तुझी तेरवी झाली. मारुतीच्या पाराजवळ मांडव घातला होता. जेवणाआधी चार जण उभे राहून बोलले, आणि चौघांनीही फिरून फिरून तेच सांगितलं, की भाऊंनी गावातलं एकही भांडण ठाण्याच्या पायरीपर्यंत जाऊ दिलं नाही. सरपंच तर म्हणाले, आता आमची भांडणं सोडवायची कोणी. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी लावला नाही. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीत शिरले.

त्या चौघांचा मला राग आला नाही, ते खरंच बोलत होते. राग आला तो तुझा. गेलेल्या माणसाशी भांडत बसणं शहाणपणाचं नाही, एवढं मलाही कळतं. पण तू होतास तेव्हा हे भांडण तू पुरं होऊ दिलं नाहीस, मग मी ते करायचं कधी?

तुझी पद्धत मला तोंडपाठ होती. बांधावरून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उठले की तू दोघांना आपल्या घरी आणायचास. एकाला ओसरीवर बसवायचास, दुसऱ्याला गोठ्यात. तीन दिवस त्यांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. जे बोलायचं ते तुझ्याशी. मग तू ओसरीवरून गोठ्यात आणि गोठ्यातून ओसरीवर निरोप न्यायचास, पण शिव्या गाळून, आतलं तेवढं घेऊन. चौथ्या दिवशी दोघं एका ताटात जेवायचे. मी लहानपणी हे किती वेळा पाहिलं, आणि किती अभिमानाने पाहिलं, ते तुला कधी सांगितलं नाही. तेही सांगायचं नव्हतंच म्हणा.

बाबा आधी गेले, मग माय. मी सहा वर्षांची आणि तू बावीसचा. काका-मामा म्हणाले, पोरीला आमच्याकडे द्या. तू दिलं नाहीस. नांदुऱ्याला शाळेत घातलंस, आणि बाजारातून येताना माझ्यासाठी पुडीत गाठीशेव आणलीस. गावातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी तुझी बहीण होती. हे सगळं मला मान्य आहे. कोणी विचारलं तर मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण म्हणून बाकीचं विसरेन असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस.

सुखदेव ग्रामसेवक म्हणून गावात आला तेव्हा मी एकोणीसची होते. शेजारच्या घरातली पुढची खोली त्याला मिळाली. त्याच्या आणि आपल्या अंगणामध्ये बोराटीचं कुंपण तेवढं. तो हायब्रीड ज्वारीचं बियाणं खपवायला घरोघर फिरायचा. तू त्याच्या शब्दावर एक तुकडा पेरलास, नेमका काढणीच्या वेळी पाऊस आला आणि दाणा काळा पडला. मला तेवढं निमित्त पुरे झालं. मी कुंपणाच्या अलीकडून सुनावायची की हिचा कडबा हातभर, हिची भाकरी पांचट, ही ज्वारी आहे की सरकारची थट्टा. तो पलीकडून पुस्तक उघडायचा आणि एकरी किती होतं ते वाचून दाखवायचा. मी म्हणायची, ते पुस्तकच घाला बैलापुढे, कडबा नाही तर नाही.

हे दिवसातून चारदा चालायचं. आता एक गोष्ट लक्षात घे, जी तू तेव्हा घेतली नाहीस. त्याची विहीर त्याच्या खोलीच्या मागे होती. पाणी आणायला त्याला आपल्या कुंपणाकडे यायचं काही कारण नव्हतं. तरी तो हातात बादली घेऊन अख्ख्या घराला वळसा घालून इकडून जायचा. आणि मी? तो दिसला की मला आत जायला दार होतं. उघडं, चार पावलांवर. मी एकदाही आत गेले नाही. वहिनीला हे कळलं होतं. ती तव्यावर भाकरी टाकता टाकता हसायची.

मग ज्येष्ठातली ती संध्याकाळ आली. दिवे लागायच्या वेळी परसातल्या पराटीच्या गंजीमागून आवाज येऊ लागला. कापसाच्या वाळक्या झाडांचं ते सरपण, त्यात साप निघतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी लांबच उभी राहिले. लोहाराचा भाता चालावा तसा आवाज, पण एका लयीत, थांबत नव्हता. सुखदेव बॅटरी घेऊन कुंपणाशी आला. उजेडात दिसले ते दोन काटेउंदीर. पुस्तकात त्यांना जाहक म्हणतात हे मला पुढे शिकवायला लागल्यावर कळलं. आपल्याकडे पुष्कळ लोक त्यांना साळिंदराची पिल्लं समजतात, पण हे प्राणी वेगळे. मूठभर जीव, लांब कान, टोकदार तोंड आणि पाठ भरून काटे.

मादी मधे होती. नर तिच्याभोवती फिरत होता. एका बाजूने दहा-बारा फेरे, मग थांबून उलटे फेरे. ती जागच्या जागी वळत राहायची, काट्यांची कड सतत त्याच्याकडे धरून, कपाळावरचे काटे डोळ्यांवर ओढून. तो फार जवळ आला की ती फुसकारून ढुशी द्यायची. तो मागे सरायचा, पण जायचा नाही. फिरून फिरून धुळीत ताटाएवढी गोल वाट पडली होती.

सुखदेव हळूच म्हणाला, "भांडून नाही राह्यले थे."

मी विचारलं, "मंग काय करून राह्यले?"

त्याने बॅटरी विझवली. तो गावात आल्यापासून आम्ही दोघं पहिल्यांदाच इतका वेळ गप्प उभे होतो. मधे कुंपण, पलीकडे तो, अलीकडे मी, आणि गंजीमागे तो आवाज.

तेवढ्यात तू आलास. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात दोन टोपल्या. तुला कोणी बोलावलं नव्हतं. पण आवाज ऐकला, भांडण ओळखलं, आणि साधनं घेऊनच निघालास. एक टोपली नरावर पालथी घातलीस, एक मादीवर, दोन्हींवर दगड ठेवलेस. सुखदेव कुंपणावरून वाकून म्हणाला, "दादा, राहू द्या न. थे भांडून नाही राह्यले."

तू म्हणालास, "साहेब, तुमाले ज्वारी समजते. भांडण मले समजते."

मग तू कंदील वर केलास. आधी त्याच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. सकाळी तू नराला नाल्यापलीकडे सोडून आलास आणि मादीला मारुतीच्या देवळामागे. दोघांचीही सोय लावली म्हणून तू समाधानाने चहा प्यालास. धुळीतली ती गोल वाट मात्र तशीच होती. मी त्या दिवशी अंगण झाडताना तेवढी जागा सोडली.

दोनच दिवसांनी सुखदेवचे मामा नांदुऱ्याहून आले. मी आत चहा ठेवत होते. ओसरीवरचं सगळं ऐकू येत नव्हतं, पण ते मला मागायला आले आहेत एवढं कळलं, आणि माझ्या हातून साखर दोनदा पडली. तू त्यांना काय सांगितलंस ते मला वहिनीने नंतर सांगितलं. म्हणे, पोरगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण या दोघांचं सकाळ-संध्याकाळ भांडण असतं, मी कानाने ऐकतो, असा संसार दोन दिवस टिकायचा नाही. मामांना वाटलं, एवढा जाणता माणूस सांगतो आहे. ते चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तू मला मलकापूरला आत्याकडे पाठवलंस. आत्याला बरं नाही म्हणालास. मी गेले तर आत्या अंगणात पापड लाटत बसली होती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, दादा. ओसरीवर एक आणि गोठ्यात एक, ही तुझी पद्धत मला तोंडपाठ होती, आणि मला स्वतःलाच गोठ्यात बसवलं आहे हे मला पंधरा दिवस कळलं नाही.

तिकडे तू सुखदेवकडे निरोप नेलास. "कमल म्हणते, मले तुमचं तोंड नाही पाहायचं." हे तू खोटं सांगितलं नाहीस. मी तसं म्हटलं होतं, त्याच आठवड्यात, खताच्या पोत्यावरून. तू ओसरीवर बसून ऐकलं होतंस. गावातल्या प्रत्येक वैऱ्याचा निरोप तू शिव्या गाळून नेलास. माझाच तेवढा न गाळता नेलास. याचं उत्तर मला हवं होतं. आजही हवं आहे.

मी परत आले तेव्हा खोलीला कुलूप होतं. त्याने लोणारकडे बदली मागून घेतली होती. तू माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि म्हणालास, "जा, त्याच्यापासून सुटका केली तुही." तुझ्या तोंडावर चौथ्या दिवसाचा आनंद होता, दोन भावांना एका ताटात जेवताना पाहून व्हायचा तो. त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. पण काय बोलायचं होतं? मला तो हवा आहे, असं मोठ्या भावाला सांगायची आपल्या घरात रीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर कुलूप पाहीपर्यंत मलाही ते इतकं स्पष्ट माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी, त्याच दिवसांत, गंजीमागे पुन्हा आवाज आला. दुसरी जोडी असेल, किंवा तीच परत आली असेल. या वेळी मी कोणाला हाक मारली नाही. तू नांदुऱ्याच्या बाजाराला गेला होतास. मी गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगाआड बसून शेवटपर्यंत पाहिलं. काय पाहिलं ते मी तुला दहा वर्षं सांगू शकले नाही, कारण बहिणीने मोठ्या भावाला ते सांगायचं कसं? आता तू उठून जाऊ शकत नाहीस. ऐक.

तो फिरत राहिला. ती फुसकारत राहिली. गंज तिच्यापासून हातभर होती. मनात आलं असतं तर ती आत शिरली असती, किंवा अंगाचा गोळा करून पडली असती, मग जगातला कोणताही नर तिचं काही करू शकला नसता. तिने दोन्ही केलं नाही. ती उघड्यावर थांबली. हळूहळू ढुशा कमी झाल्या. मग ती थांबली, पोट जमिनीला लावून लांब झाली, मागचे पाय ताणले, आणि पाठीवरचा एकूण एक काटा तिने खाली झोपवला. पाठ इतकी सपाट झाली की हात फिरवावा. तेव्हा तो मागून आला. गावातले बाप्ये पारावर बसून हसतात की ते माणसांसारखे उभे राहून पोटाला पोट लावतात, त्या सगळ्या थापा आहेत. तिने काटे झोपवल्याशिवाय काहीच होत नाही. तिने मधेच चार काटे जरी उभे केले असते, तरी त्याला उतरावं लागलं असतं. तो तासभर जे फिरत होता ते विचारणं होतं. ती तासभर जे फुसकारत होती ते तिचं ठरवणं होतं.

नंतर तो गेला. त्यांच्यात नर थांबत नाही, पिल्लं ती एकटी वाढवते. हेही मी पाहिलं. तू बाजारातून आलास तेव्हा मी भाकरी थापत होते, आणि तू विचारलंस की डोळे का लाल. मी म्हटलं, धूर.

त्याच वर्षी मी मास्तरकीच्या ट्रेनिंगला जाते म्हणाले. तू तीन स्थळं आणलीस, तिन्ही मुलं शांत. मी तिघांनाही नको म्हटलं. शेवटी तूच माझी पेटी डोक्यावर घेऊन बसमध्ये चढवलीस, आणि बुलढाण्याला वसतिगृहाच्या बाईंना हात जोडून म्हणालास की पोरीले सांभाळा. मी खिडकीतून पाहत होते. तुझी ती पाठमोरी आकृती मला अजून दिसते, आणि ती दिसली की माझा राग पातळ होतो, म्हणून मी तिच्याकडे फार वेळ पाहत नाही.

पुढे मी मलकापूरच्या शाळेत लागले. दर दिवाळीला आणि दर अखाजीच्या सणाला मी घरी आले, आणि दर वेळी आपण भांडलो. सुखदेवचं नाव आपण दोघांनीही एकदाही घेतलं नाही. भांडलो ते काटेउंदरांवर. तू म्हणायचास, काटे उभे होते, ढुशा चालल्या होत्या, भांडण आणखी कसं असतं. मी म्हणायची, मग ती गंजीत का नाही शिरली? तू म्हणायचास, "रागात माणूस दार इसरते." याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या गोवऱ्यांच्या ढिगाआड पाहिलेलं होतं, तुझ्यापुढे जिभेवर येणारं नव्हतं. मी ताटावरून उठायची. वहिनी म्हणायची, एवढ्याशा उंदरापायी बहीण-भाऊ कशाला उपाशी राहता.

सुखदेव मला त्यानंतर एकदाच भेटला. तीन वर्षांपूर्वी, मलकापूरच्या बस स्टँडवर. बायको बरोबर होती, कडेवर पोर होतं. त्याने नमस्कार केला. मी विचारलं, "बरे आहात न?" तो म्हणाला, "हाव, बरं चाललं." मी ज्वारीचं विचारलं. तो म्हणाला, आता लोक पेरतात. मी म्हटलं, चांगलं आहे. दहा मिनिटं उभे होतो, आणि आम्ही एकदाही भांडलो नाही. तो गेल्यावर मी माझी बस सोडून दिली आणि पुढच्या बसपर्यंत बाकावर बसून राहिले.

आता शेवटचं. तू जायच्या आठ दिवस आधी मी आले होते. पोटात पाणी झालेलं, हातपाय काड्या. दुपारची वेळ होती, वहिनी आत कण्या शिजवत होती. तू माझ्याकडे वळलास आणि विचारलंस, "कमल, थे भांडून नव्हते राह्यले न?"

दहा वर्षं मी या एका वाक्यासाठी दिवाळीला येत होते. त्यासाठी मी किती वेळा ताटावरून उठले होते. आणि ते आलं तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहून म्हटलं, "भांडूनच राह्यले होते, दादा. तू झोप."

लोक याला दया म्हणतील. दया नव्हती ती. तुला कबूल करायचं होतं, आणि मी करू दिलं नाही. तू "हाव" म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, मी जिंकले. मी बस पकडून मलकापूरला गेले आणि दुसऱ्या दिवशी मुलांना पाढे शिकवले.

काल दुपारी, पंगती उठल्यावर, वहिनी भांडी मोजता मोजता मला म्हणाली की बाजेवर पडल्यापासून तुझा एकच हट्ट होता. बाज परसात टाक म्हणायचास, गंजीकडे तोंड करून. मी यायच्या आधी वैशाखभर तू रोज दिवेलागणीला तिथे पडून राहिलास. एका संध्याकाळी आवाज आला. वहिनी काठी घेऊन निघाली, तर तू तिचा पदर धरलास आणि म्हणालास, "राहू दे. त्याइचं त्याइले करू दे." तू शेवटपर्यंत पाहिलंस. मग वहिनीला बाज आत घ्यायला सांगितलंस आणि जेवला नाहीस.

म्हणजे तुला माहीत होतं. तू मला विचारत नव्हतास, मला सांगत होतास. आणि मी खोटं बोलले तेही तुला त्याच क्षणी कळलं. तरी तू "हाव" म्हणालास. आयुष्यात पहिल्यांदा तू एक भांडण सोडवायला गेला नाहीस, आणि ते नेमकं माझं निघालं.

मी तुला माफ केलं आहे असं समजू नकोस. केलेलं नाही. वहिनीला सांगून ठेवलं आहे की परसातली गंज यंदा जाळायची नाही. पुढच्या दिवाळीला मी येईन, तू नसलास तरी येईन, आणि त्या बाजेवर बसून तुला बोलायचं ते बोलेन. रागात माणूस दार विसरतो म्हणालास ना? मी विसरले नव्हते. मलकापूरला माझी खोली होती, पगार होता, दिवाळीची सुट्टी कुठेही घालवता आली असती. दहा वर्षं मला कोणी बांधून आणलं नव्हतं, दादा. मी आपल्या पायांनी तुझ्याशी भांडायला येत होते.